खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाताय ना, मग नावं वाचा

खडकीच्या वॉर सिमेट्रीचा, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या दफनभूमीचा, विषय निघाला की पुण्यात हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांच्या कबरींमधून फेरफटका मारायला कशाला जायचं, एवढी मोक्याची जागा अडकून पडलीय, त्यापेक्षा तिथे आपल्या जवानांसाठी काहीतरी दणदणीत उभं करा. दुसरा तट म्हणतो, अरे काय सुंदर जागा आहे, काय ती हिरवळ, कचऱ्याचा कागद दिसणार नाही, हॉर्नचा आवाज नाही, बाहेरच्या देशात आल्यासारखं वाटतं, बसा की तासभर. मग पहिले दुसऱ्यांना गुलामी मानसिकतेचे म्हणतात आणि दुसरे पहिल्यांना अडाणी म्हणतात, आणि वाद तिथेच संपतो. मला या वादाचा मनापासून त्रास होतो, कारण दोन्ही बाजूंच्या बोलण्यात त्या जागेत पुरलेला माणूस कुठेच येत नाही. एकाला तिथे फक्त राजवट दिसते, दुसऱ्याला फक्त लॉन. आणि ज्यासाठी ती जागा बांधली, म्हणजे युद्धात मेलेल्या एकेका माणसाचं नाव जपून ठेवायला, ते नाव कुणी वाचतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही बाग राहिली पाहिजे, सगळ्यांसाठी उघडी राहिली पाहिजे, आणि आहे तशीच शांत राहिली पाहिजे. तिथे जाण्यात देशद्रोह नाही आणि तिथे बसून वाचन करण्यात अपमानही नाही. पण तिथून परत येताना आपल्याला एक प्रश्न पडलाच पाहिजे, की याच महायुद्धांमध्ये साताऱ्याची, कोल्हापूरची, रत्नागिरीची जी पोरं गेली त्यांची नावं कुठे आहेत, आणि ती एवढ्याच काळजीने कोण जपतंय? हा प्रश्न पडणार नसेल तर मात्र दोन्ही तटांचं खरं आहे, ती नुसती जागा अडकून पडलीय किंवा नुसती छान बाग आहे.

आता जागा नेमकी काय आहे ते बघा, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तेही माहीत नसतं. होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर ही सिमेट्री आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कॉमनवेल्थ सैनिकांच्या कबरी इथे आहेत. हे सगळे खडकीला मेले असं नाही. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणच्या दफनभूमींमध्ये ज्या कबरींची कायम देखभाल होईल याची खात्री नव्हती त्या इथे हलवून एकत्र आणल्या. इथेच पहिल्या महायुद्धाचंही स्मारक आहे, त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत, जे भारतात मेले आणि ज्यांच्या कबरी भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांमध्ये झाडाझुडपांत हरवून गेल्या असे. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून इथे आणले. १९६२, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षं झाली होती. आणि हे सगळं बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या सदस्य देशांमध्ये भारतही आहे, खर्चाचा छोटा वाटा आपणही उचलतो. त्यामुळे ती 'त्यांची' जागा आहे आणि आपला काही संबंध नाही, हे म्हणणं कागदोपत्रीसुद्धा टिकत नाही.

आत गेल्यावर एका कुठल्याही कबरीसमोर दोन मिनिटं उभं राहा. दगडावर वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय. खाली कधी कधी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वय बघत बघत पुढे चला, वीस, बावीस, एकोणीस, चोवीस. एका ओळीत सात-आठ दगड वाचले की पुढचं वाचायला पाय आपोआप हळू पडतात. प्रत्येक दगडाच्या पायाशी फुलझाडांचा अरुंद पट्टा असतो, आणि तो नुसता शोभेसाठी नसतो. बुटकी झाडं दाट लावली की पावसात माती उडून दगडावर बसत नाही आणि नाव वाचता येतं. पुण्याचा जुलैचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कळेल की हे किती साधं आणि किती विचारपूर्वक आहे. म्हणजे ती सगळी बाग, ते गवत कापणं, ते वाफे, ते पाणी घालणं, हे सगळं त्या एका ओळीसाठी चाललेलं आहे की नाव पुसलं जाऊ नये. ज्यांना तिथे फक्त लॉन दिसतं त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की लॉन ज्याच्यासाठी आहे ते वाचा.

हे सगळे दगड एकाच मापाचे का, यामागेही मोठं भांडण झालेलं आहे, आणि ते आपल्या भांडणापेक्षा फार वरच्या दर्जाचं होतं. मे १९१७ मध्ये हे कमिशन स्थापन झालं, तेव्हा त्याचं नाव इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन होतं, आणि त्यांनी ठरवलं की प्रेत कुणाचंच घरी नेलं जाणार नाही, जनरल असो की साधा शिपाई, लॉर्डचा मुलगा असो की हमालाचा, दगड सगळ्यांना सारखाच. इंग्लंडमधले लोक भडकले. आयांनी सह्या गोळा करून अर्ज केले की आमच्या मुलाच्या कबरीवर आम्हाला क्रॉस हवा, आमच्या आवडीचा हवा, तुम्ही सरकार म्हणून आमच्या दुःखाला युनिफॉर्म कसला चढवता? मुलगा जिवंत असताना सैन्याने घेतला आणि मेल्यावरही सोडत नाही, हा प्रश्न चुकीचा होता का? अजिबात नव्हता. ४ मे १९२० ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये यावर चर्चा झाली आणि शेवटी समानतेचा मुद्दा टिकला, कारण दुसरी बाजू मान्य केली असती तर श्रीमंतांच्या मुलांवर संगमरवर उभा राहिला असता आणि गरिबांच्या मुलांवर वर्षभरात गवत वाढलं असतं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. युरोपात त्याआधीच्या शेकडो वर्षांत लढाई संपली की साध्या शिपायाला खड्ड्यात लोटून द्यायचे आणि चौकात पुतळा उभा राहायचा तो सेनापतीचा, घोड्यासकट. त्या रिवाजातून साध्या शिपायाला त्याचं नाव मिळालं ते या निर्णयामुळे.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा घेऊ, आणि तो हलका नाहीये. ते म्हणतात, हे सैनिक आपल्यावर राज्य करणाऱ्या सत्तेचे होते. खरं आहे. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावरची गोरी नावं भारतात काय करत होती? त्यातले बरेच इथल्या छावण्या सांभाळायला आणि सरहद्दीवर लढायला होते, म्हणजे सरळ भाषेत हा देश ताब्यात ठेवायला. आणि जागा कुठली, तर खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच भागात पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीशी लढाई झाली, पेशवाईचा शेवट तिथून सुरू झाला आणि बारा दिवसांत पुणं गेलं. ज्या मातीत आपण स्वातंत्र्य हरलो त्याच मातीत जिंकणाऱ्यांच्या वारसांची बाग फुललेली बघून एखाद्याचा घसा दाटून आला तर त्याला अडाणी म्हणणारा माणूसच मला उथळ वाटतो. हा सल खरा आहे आणि त्याला उत्तर देताना जपून द्यायला पाहिजे.

पण स्मारक कुणी बांधलं यावरून त्याचा अर्थ कायमचा ठरतो का? पुण्यापासून तीस किलोमीटरवर भीमा कोरेगावला जयस्तंभ आहे. तो कुणी उभारला? कंपनीने, स्वतःच्या विजयासाठी. पण १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या स्तंभावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांना त्यांनी जो अर्थ दिला तो कंपनीच्या स्वप्नातही नव्हता. आज लाखो लोक तिथे येतात ते कंपनीला सलाम करायला येतात का? ते नावांसाठी येतात, आपल्या माणसांनी काय केलं हे आठवायला येतात. दगड कंपनीचा होता, त्याचा अर्थ तिथे येणाऱ्या माणसांनी ठरवला. मग खडकीच्या दगडांच्या बाबतीत आपण एवढे हतबल का होतो? शिवाय इथे सगळे गोरेच आहेत हा समजही चुकीचा आहे. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सैनिकांच्या स्मरणार्थ इथे फलक आहे, ते लोक आपल्यासारखेच दुसऱ्याच्या साम्राज्याचे प्रजाजन होते, स्वतःच्या गावापासून हजारो मैलांवर आणून सोडलेले, आणि जे युद्ध त्यांनी सुरू केलं नव्हतं त्यात मेलेले. घाना किंवा केनियामधल्या कुठल्या तरी घरातल्या कुणाची तरी आठवण पुण्यात कायमची राहिलीय, हे पुण्याला माहीत तरी आहे का? आणि गोऱ्यांमधलाही एकोणीस वर्षांचा जो पोरगा पोटासाठी भरती झाला आणि मलेरियाने किंवा इन्फ्लुएन्झाने इथल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गेला, त्याच्याशी हिशोब चुकता करून आपण काय मिळवणार? साम्राज्याचा हिशोब साम्राज्य चालवणाऱ्यांशी करायचा असतो, आणि तो इतिहासाच्या पुस्तकात, कोर्टात, संसदेत करायचा असतो. एखाद्या कबरीवर तो होत नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्याच बाजूने येतो. स्मारक म्हणजे जोश पाहिजे, रणगाडा पाहिजे, विमान पाहिजे, संध्याकाळी लाइट अँड साउंड पाहिजे, पोरांना बघून सैन्यात जावंसं वाटलं पाहिजे, या मुक्या बागेने कुणाला काय स्फूर्ती मिळणार? यातलंही एक मान्य करते. पुण्यातच लष्कराच्या सदर्न कमांडचं युद्धस्मारक आहे, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, तिथे मिग विमान ठेवलंय आणि लहान मुलं ते बघताना हरखून जातात. त्यात वाईट काही नाही. विमान किती मोठं असतं, ते कसं उडतं, सैन्य काय काम करतं, हे मुलांना कळायला अशा जागा हव्याच. माझा विरोध त्या जागांना नाही, प्रत्येक जागा तशीच करून टाकायच्या हट्टाला आहे. कारण रणगाड्यासमोर उभं राहिलं की आपल्याला यंत्र दिसतं, विजय दिसतो, फोटो काढावासा वाटतो. गेलेला माणूस काही तिथे दिसत नाही. त्याच्यासाठी दुसरी जागा लागते.

अमेरिकेने हा वाद आपल्या आधी घालून झालाय. व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा माया लिन नावाच्या एका विद्यार्थिनीचं डिझाइन निवडलं गेलं, जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर फक्त नावं, ५८ हजारांहून जास्त. लोक संतापले, म्हणाले ही शरमेची काळी जखम आहे, यात झेंडा कुठाय, सैनिक कुठाय, शौर्य कुठाय? १९८२ मध्ये भिंत झाली, आणि तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा आणि ध्वजस्तंभही आला. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. लोक भिंतीपाशी जातात, नाव शोधतात, बोट फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीने ते नाव उतरवून घेतात. जे सैनिक परत आले आणि ज्यांना घरी कुणी विचारलं नाही, ते तिथे येऊन रडले. आणि आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक बघा, २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेलं. त्याचा गाभा काय आहे? एकात एक चक्रं, ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावं, आणि बाहेरच्या रक्षक चक्रात झाडांच्या रांगा. संध्याकाळी एखाद्या शहीद जवानाच्या घरची माणसं येऊन पुष्पचक्र वाहतात. आपल्या लष्कराला स्वतःच्या माणसांसाठी जागा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी नावं आणि झाडंच निवडली, हे जोशवाल्यांनी जरा लक्षात घ्यावं.

आणि ही कल्पना विलायती आहे हेही मला मान्य नाही. महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात, पाराखाली, शेताच्या बांधावर वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, बाजूला चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलीय, शिलाहार-यादवांच्या काळातली. गावासाठी, गुरांसाठी, राजासाठी जो पडला त्याचा दगड गावातच, रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, शेजारी बायका जप करतायत, पोरं खेळतायत. आपल्याकडे आठशे-हजार वर्षं हेच चाललं होतं. फरक एवढाच की वीरगळावर बहुतेक वेळा नाव नसतं, आणि आज त्या दगडांवर आपण तेल ओततो, रंग फासतो, कुठे पायरी म्हणून बसवतो, कुठे रस्ता रुंद करताना मातीत ढकलून देतो. ज्यांना परक्यांच्या कबरींची निगा खुपते त्यांना मी विचारते, आपल्या गावचा वीरगळ शेवटचा कधी बघितला?

आता तिसरा आक्षेप, आणि प्रामाणिकपणे सांगते की मला सगळ्यात जास्त छळतो तो हाच. तो असा की या बागा युद्धाला गोड करतात. चिखल, उवा, फुटलेली आतडी, भूक, यातलं काही तिथे नसतं, असतं ते कापलेलं गवत आणि गुलाब, आणि माणूस म्हणतो वा किती समाधान वाटलं. जिथे समाधान वाटू नये तिथे ते वाटायला लावणं ही फसवणूक नाही का? त्यात ही समानतेची गोष्टसुद्धा अर्धीच खरी आहे. कुतला जा, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पहिल्या महायुद्धात तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली ती इंग्रजांच्या भारतीय फौजेची सहावी पूना डिव्हिजन, नावातच आपलं पुणं. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत वेढा, घोडे-खेचरं कापून खाल्ली, शेवटी सुमारे १३ हजार लोक शरण गेले आणि पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत हजारोंनी मेले. मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच इराकच्या भागात, ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक झालं, १९२९ मध्ये, ४० हजारांहून जास्त माणसांसाठी. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांचा? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. बस. कोकणातल्या, घाटावरच्या त्या माणसांचं दगडावर नाव नाही, ते एका आकड्यात मिळून गेले. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने रिपोर्ट काढून कबूल केलं की भारतीय, आफ्रिकन, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावाने नोंदच झाली नाही किंवा त्यांचं स्मरणच केलं गेलं नाही. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, ब्रिटिश गव्हर्नरने १९२३ मध्ये सांगितलं होतं की इथल्या माणसाला कबरीच्या दगडाचं महत्त्व कळणार नाही. अशा लोकांनी समानतेची बाग फुलवली, हे वाचून राग येत नसेल तर काहीतरी चुकतंय.

मग या आक्षेपाला माझं उत्तर काय? राग आला म्हणून बाग बंद करायची, की त्याच नियमावर बोट ठेवून आपला हक्क मागायचा? अन्याय झाला हे आपल्याला कशामुळे कळलं? खडकीला प्रत्येकाचं नाव आहे आणि बसऱ्याला आपल्या माणसाचं नाही, हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच ते दिसतं ना? 'सगळ्यांना सारखा दगड' हा नियम त्यांनीच केला, म्हणून तो मोडल्याचा जाब त्यांनाच विचारता येतो, आणि शंभर वर्षांनी का होईना पण कबुली द्यावी लागते. हिरोशिमाचं उदाहरण घ्या. १९५४ ला उघडलेला तिथला पीस पार्क म्हणजे शांत स्मृतिउद्यानांचा जगभरातला नमुना, पण त्या बॉम्बमध्ये हजारो कोरियन लोकही मेले होते, जपानने वसाहतीतून आणलेले, मजुरीला जुंपलेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये झालं ते पार्कच्या बाहेर. मेल्यावरसुद्धा बाहेर! कोरियन समाज वर्षानुवर्षं त्यासाठी भांडत राहिला आणि १९९९ मध्ये ते स्मारक आत आलं. त्यांनी पार्कवर बहिष्कार टाकून घरी बसायचं ठरवलं असतं तर? बाग खोटं बोलत असेल तर तिच्यात जाऊन ते खोटं दाखवून द्यावं लागतं, आणि त्यासाठी आधी जाणारी माणसं पाहिजेत. समाधान वाटण्याबद्दल म्हणाल तर ते वरवर बघणाऱ्यालाच वाटतं. ज्याने वीस-पंचवीस वयं ओळीने वाचली त्याला गुलाब बघून बरं वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

राहता राहिला तिथे कोण कसं वागतं हा मुद्दा, त्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. कुणी पुस्तक घेऊन बसलं, कुणी जोडपं झाडाखाली हळू आवाजात बोलत बसलं, आजोबा नातवाला घेऊन फिरले, तर मेलेल्यांचा काहीही अपमान होत नाही, उलट ज्यांना हे सगळं मिळालं नाही त्यांच्या शेजारी ते होतंय. कबरींच्या मधून प्री-वेडिंगचं शूटिंग, दगडाला टेकून पोझ, रील्स, वाढदिवसाचे केक, हे मात्र नको, आणि अडवणाऱ्या माळ्याशी किंवा वॉचमनशी हुज्जत तर अजिबात नको.

आणि खरं काम त्या गेटच्या बाहेर आहे. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर नाही असे लोक. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतची किती घरं त्या काळात जहाजांवर पोट भरत होती ते आपल्याला माहीत आहे, तरी मुंबईतल्या किती मराठी माणसांनी ती जागा पाहिलीय? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, बावीस वर्षांचे होते, कबर सापडली नाही म्हणून नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सनडायल, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, उभारलं. ज्या गावाच्या आसपास ते लढले त्या गावाला ऐंशी वर्षांनी त्यांची आठवण ठेवावीशी वाटली. आपल्याकडे माणगावला पुतळा आहे, पण रायगड जिल्ह्याबाहेरच्या दहावीतल्या मुलाला हे नाव विचारून बघा.

म्हणून मला वाटतं की खडकीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एक काम करावं. कमिशनची यादी ऑनलाइन आहे, फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या शिपायांच्या बऱ्याच नोंदींपुढे बापाचं नाव असतं, कधी आईचं, कधी बायकोचं, गावाचं, आणि पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर असा जिल्हा. इंग्रज कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिल्यामुळे गावांची नावं वेडीवाकडी झालेली असतात, चार-पाच प्रकारे स्पेलिंग टाकून बघावं लागतं, जुन्या माणसांना विचारावं लागतं. ज्यांच्या घरात पणजोबांचं मेडल आहे, पेन्शनचा कागद आहे, बसऱ्याला गेले आणि आलेच नाहीत एवढीच गोष्ट आहे, त्यांनी ते नाव शोधावं, गावच्या ग्रामपंचायतीला कळवावं, मराठीत नीट लिहून चावडीजवळ लावावं, आणि यादीत चूक असेल तर पुराव्यासकट कमिशनला लिहावं, ते दुरुस्ती करतात. शाळांनी सहल न्यायचीच असेल तर आधी वर्गात कुतची गोष्ट सांगावी आणि मग खडकीला न्यावं, प्रत्येक मुलाने तिथलं एक नाव आणि वय वहीत उतरवून आणावं, आणि त्याच वहीच्या समोरच्या पानावर आपल्या तालुक्यातून महायुद्धात गेलेल्या एका माणसाचं नाव, गाव, पलटण शोधून लिहावी.